दोन कुलपांची तिजोरी

(पडद्यावर : जमिनीला बोल्टने जखडलेली पोलादी तिजोरी. आवाज फक्त पंख्याचा.)

ही तिजोरी बँकेतली नाही. अमेरिकेत मॉर्फिन, फेंटानिल असले सवय लावणारे वेदनाशामक पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यात कच्चा माल ठेवायला अशी तिजोरी लागते. ती किती दणकट असावी, हे मालक ठरवत नाही. नियमातच लिहिलंय. कुणी फोडायला आला, तर एकट्या माणसाला किमान १० मिनिटं दाद देता कामा नये. खुणा न ठेवता गुपचूप उघडू पाहिली, तर ३० मिनिटं. आणि कुलपाशीच खटपट करणाऱ्याला २० तास झुंजवायचं. तिजोरी ७५० पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ३४० किलोंपेक्षा हलकी असेल, तर ती जमिनीला किंवा भिंतीला पक्की करायची. नाहीतर चोर ती न फोडता उचलूनच नेतील!

तिजोरी पैसे मोजले की मिळते. परवान्याच्या कागदाचं तसं नाही.

१९७० च्या केंद्रीय कायद्याने या पदार्थांच्या पाच याद्या केल्या. पहिल्या यादीत हेरॉइन, एलएसडी आणि काही अळंब्यांमध्ये सापडणारं सायलोसायबिन. यांचा मान्यताप्राप्त औषधी उपयोग नाही, असं कायदा म्हणतो. उत्पादकाला डीईए या अमली पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडे दर वर्षी नोंदणी करावी लागते. जागा दोन असतील, तर नोंदण्याही दोन. आणि माल बनवणं हे एक काम, त्यावर संशोधन करणं हे दुसरं.

इथे एक सवलत आहे. दुसऱ्या ते पाचव्या यादीतला जो पदार्थ बनवण्याची नोंदणी आहे, त्याचं रासायनिक विश्लेषण आणि माणसांवरच्या चाचण्यांआधीचं संशोधन उत्पादकाला त्याच नोंदणीवर करता येतं. पहिल्या यादीला मात्र ही सवलत नाही. तिथे संशोधनाची नोंदणी वेगळी काढायची.

(पडद्यावर : अमेरिकेचा नकाशा. राज्यांच्या सीमा एकेक करून उजळतात.)

हे झालं वॉशिंग्टनचं कुलूप. दुसरं राज्याचं. बहुतेक राज्यांनी एका नमुना कायद्यावरून आपापले कायदे केले, आणि अनेक ठिकाणी राज्याची नोंदणीही वेगळी लागते. राज्याने परवाना काढून घेतला, तर त्या कारणावरून केंद्रही आपली नोंदणी रद्द करू शकतं. म्हणजे राज्याचा कागद वाटतो तितका दुय्यम नाही.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने गेली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली मॉर्फिनसाठी रुग्णालयांना राज्याचे निरनिराळे परवाने गोळा करावे लागत. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक औषधांपुरता हा कारभार केंद्राकडे घेतला.

कॅलिफोर्नियाने मात्र आपलं कुलूप आणखी जड केलं. पहिल्या आणि दुसऱ्या यादीतल्या ठरावीक पदार्थांवर माणसांवर चाचणी घ्यायची, तर राज्याच्या संशोधन सल्लागार पॅनलची मंजुरी हवी. केंद्राच्या अन्न व औषध प्रशासनाने होकार दिलेला असला, तरीही.

मग २०२३ मध्ये या पॅनलच्या बैठकाच थांबल्या. कारण ऐकून हसावं की रडावं कळत नाही. सरकारी समित्यांनी जनतेसमोर बसावं, असा कॅलिफोर्नियाचा १९६७ पासूनचा कायदा आहे, आणि तो पॅनललाही लागू होतो, असा अर्थ लावला गेला. आता कंपनीच्या प्रस्तावात काय असतं? रेणू कसा बनवला, मात्रा किती, चाचणी कशी आखली. हे सगळं प्रतिस्पर्ध्याला खुर्ची टाकून ऐकता येणार असेल, तर हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? उघड बसता येईना, दार लावून बसायला कायद्याची मुभा नाही. व्यसनमुक्तीवरच्या, नैराश्यावरच्या अभ्यासांच्या फायली तशाच पडून राहिल्या. कायदा चांगलाच होता. गुपितं सांभाळणाऱ्या समितीचा विचार करून तो लिहिलेला नव्हता, इतकंच.

(पडद्यावर : बैठकीची खोली. रिकाम्या खुर्च्या.)

२०२४ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती केली. व्यापारी गुपितं असलेल्या प्रस्तावांपुरतं पॅनलला दार लावून बसता येऊ लागलं. मंजुरी मिळाली, की संशोधक आपल्या कपाटाकडे वळतो : किती माल आला, किती वापरला, किती उरला, याची नोंद करायची आणि ती वही दोन वर्षं जपून ठेवायची.