‘अ’ जीवनसत्त्वाच्या चमच्याबरोबर दातही बघा

मागे उभ्या असलेल्या आशाताईंनी पुढे यावं, इथे सतरंजीवर जागा आहे. सिस्टर, सेविकाताई, आणि कडेवर लेकरं घेऊन आलेल्या आया-आज्या, सगळ्यांना नमस्कार.

फळ्यावर विषय लिहिलाय ‘लहान मुलांचे दात आणि आपलं उपकेंद्र’. त्याच्याआधी मला एका वाक्याशी भांडायचं आहे. ‘दूधना दात शेतस डाक्टर, पडी जातीन!’ म्हणजे दुधाचेच दात आहेत, पडून जातील. हसलात, म्हणजे तुमच्याही घरात हे बोललं जातं. आपल्या खानदेशात या वाक्याने जेवढे दात खाल्ले तेवढे गोळ्या-चॉकलेटांनीही खाल्ले नसतील.

पारोळ्याकडची एक आजी अडीच वर्षांची नात घेऊन आली होती. दिवस कापूस वेचणीचे. सून सकाळीच शेतात जायची आणि पोर दिवसभर आजीकडे. तक्रार दातांची नव्हतीच. ‘पोर जेवत नाही, अंगाला लागत नाही, टॉनिक लिहून द्या,’ एवढंच तिचं म्हणणं. मी पोरीचा वरचा ओठ उचलला. समोरचे चारही दात हिरडीपर्यंत झिजलेले, तपकिरी खुंट नुसते. भाकरीचा तुकडा तोडणार कशाने? खालचे दात मात्र मोत्यासारखे. आजी मलाच म्हणाली, ‘बघा, खालचे चांगले आहेत, म्हणजे घासण्यात कसूर नाही.’

घासण्याची गोष्टच नव्हती. झोळीत टाकलं की तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली. दुपारी तीच, रात्रीही तीच. बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर येते आणि लाळही तिथेच साचते, म्हणून ते वाचतात. वरच्यांवर गोड दूध तसंच थांबतं. झोपेत लाळ कमी सुटते, जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचा चुना ओढून घेतं. टॉनिकही बहुतेक गोडच असतं, हे जाता जाता सांगतो. आणि दात येताना हिरडी शिवशिवते म्हणून बाळाला मिसरी लावणारी घरं मी पाहिली आहेत. ती तंबाखू आहे, बाळाच्या तोंडाजवळ नको.

आता कोणी त्या आजीला बोल लावू नका. तिने पोर सांभाळलं म्हणून सुनेची मजुरी घरात आली. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ती पोर प्रत्येक लसीला केंद्रावर आलेली होती. कार्डावर सगळ्या खुणा होत्या, वजनं होती. तिचा ओठ मात्र कोणी एकदाही वर केला नव्हता. शेवटी ते दात काढावे लागले.

आणि पडणार म्हणजे कधी? दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्यांच्या मुळाशी पू झाला तर खाली तयार होणारा कायमचा दात बिघडू शकतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून लोक तिलाही दुधाची समजतात. ती जन्मभराची आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, वेळ थोडा उरलाय. ज्यासाठी बोलावलंत ते पळतपळत सांगतो.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर आपण ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस देतो. दुसरा दीड वर्षाच्या आसपास, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. एकूण नऊ डोस. म्हणजे सिस्टर, नऊ वेळा ते तोंड तुमच्यासमोर उघडतंच! तेवढ्यात वरचा ओठ उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे, आणि त्या टप्प्यावर ती मागे फिरवता येते. बाळ ऐकत नसेल तर आईच्या गुडघ्याला गुडघा लावून समोर बसा आणि बाळाचं डोकं आपल्या मांडीवर घ्या.

माझी मागणी अशी, की त्याच दिवशी फ्लोराइड व्हार्निशही, म्हणजे किडीपासून वाचवणारा फ्लोराइडचा लेपही, लागावा. छोट्या ब्रशने दातांवर पातळ थर द्यायचा, लाळ लागताच तो बसतो, काम दोनेक मिनिटांचं. वर्षातून दोनदा लावतात, म्हणजे वेळापत्रक आयतंच जुळतं. अमेरिकेत २०२१ च्या शिफारशीनुसार दात आल्यापासून पाच वर्षांपर्यंत साधे डॉक्टरच हे लावतात, दंतवैद्याची वाट बघत नाहीत. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत २०१३ पासून दातांचे आजार आहेत, आणि त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातातच. नवी योजना नको, आहे त्या भेटीत बाटलीबद्दल विचारा.

घरच्यांनी करायचं ते असं. रात्री बाटलीत पाणीच. दूध वाटी-चमच्याने, बिनसाखरेचं. चहात बुडवलेलं बिस्किट दिवसभर थोडं थोडं देण्यापेक्षा एकदाच जेवणाबरोबर, कारण दर वेळी आम्लाचा नवा मारा होतो. पहिला दात दिसला की घासायला लागा, सकाळी आणि झोपताना. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत घासून मोठ्यांनीच द्यायचं. पेस्ट थुंकू द्या, पण वर खळखळून चूळ नको.

पेस्ट घेताना खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. फ्लोराइड १००० पीपीएम पाहिजे. मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते निम्मं असतं, काहींत नसतंच. दाराजवळच्या टेबलावर रिकामी खोकी मांडली आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शेजारच्या सेविकाताईंकडून ती ओळ वाचून घ्या, आणि ज्यांची लेकरं सोबत आहेत त्यांनी थांबा, सिस्टर आणि मी सगळ्यांचे ओठ उचलून बघणार आहोत.