पोदेराची सायकल

नमस्कार श्रोतेहो.

पहाटे पोदेराचं, म्हणजे सायकलवरून घरोघरी पाव विकणाऱ्याचं, पों-पों ऐकू आलं की आपण पिशवी घेऊन दारात जातो. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी आमच्या वाड्यावर तो भोंगा वाजलाच नाही. देवळाजवळच्या वळणावर पोदेराला मोटारीनं उडवलं होतं. उंडे, पोळ्या, सगळे पाव चिखलात. पायाचं हाड मोडलेलं. चालकानं हजार रुपये हातावर ठेवले आणि विषय मिटला.

मी वकील. नंतर त्याला विचारलं, तक्रार का नाही केलीस? म्हणाला, "माझ्याकडं लायसन नाही, विमा नाही. पोलीस मलाच धरतील."

हे ऐकून जीव कळवळला. श्रोतेहो, सायकल हे मोटार वाहनच नव्हे. तिला लायसन, नोंदणी, विमा काहीच लागत नाही. विमा हवा तो मोटारीचा, आणि तो सक्तीचा असतो तो नेमका तिच्यामुळं इजा होणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी.

हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, चूक कोणाची हे सिद्ध न करताही, अशा जखमीला अडीच लाख रुपये मागता येतात. मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख. कुठं अडीच लाख आणि कुठं ते हजार! नुकसान जास्त असेल, तर चालकाची चूक दाखवून कलम १६६ खाली अधिक मागता येतं. तिथं मात्र तुम्ही उलट्या बाजूनं किंवा रात्री दिव्याविना जात होता असं दिसलं, तर रक्कम कापली जाऊ शकते. म्हणून मागे लाल दिवा लावाच.

गाडी पळून गेली तरी गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यूला दोन लाखांची तरतूद आहे.

अपघात झाला की आधी १०८. गाडीचा नंबर टिपा, पोलिसांना पंचनामा करायला लावा. गोमेकॉतले, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातले, सगळे कागद जपून ठेवा. भरपाईच्या अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तेव्हा दिवस घालवू नका. आणि मदतीला धावणाऱ्यांनो, तुम्हाला साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, हेही कायद्यातच आहे.

एक राहिलं. पंचनामा होईपर्यंत वाकलेलं चाक दुरुस्तीला देऊ नका. आमच्या पोदेरानं ते त्याच संध्याकाळी सरळ करून आणलं होतं. पहाटे मुलाला पाव घेऊन निघायचं होतं.