न्यायाचा दिवस आणि हिन्नोमचे खोरे

श्रोतेहो, नमस्कार.

मराठीत ‘नरक’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे आधी गरुडपुराणातले चित्र उभे राहते. यमाचे दूत, चित्रगुप्ताची वही, कुंभीपाकाची उकळती कढई. त्या चित्रातली एक गोष्ट मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही : पुराणांतला नरक कितीही भयंकर असला तरी तो संपतो. पापाचा हिशेब फिटला की जीव पुन्हा जन्माच्या वाटेला लागतो. ख्रिस्ती धर्मग्रंथ मराठीत आणणाऱ्यांनी हाच शब्द उचलला, कारण याहून जवळचा शब्द भाषेत नव्हता. त्यामुळे कढई आणि यमदूत न बोलावता आत आले, आणि शिक्षा संपण्याची सोय तेवढी बाहेर राहिली. ख्रिस्ती विचारातील नरकाविषयी मराठीत बोलताना निम्मा घोटाळा असा शब्दातच होऊन बसतो.

हा घोटाळा एकट्या मराठीचा नाही. जुन्या करारातील, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातील, इब्री भाषेत ‘शिओल’ म्हणजे मेलेल्यांचे ठिकाण. तेथे सज्जनही जातात आणि दुर्जनही. ग्रीक भाषेत त्याला ‘हेडीस’ म्हटले. ‘गेहेन्ना’ हा शब्द या दोहोंपेक्षा वेगळा आहे. १६११ साली इंग्लंडात राजा जेम्सच्या आश्रयाने झालेल्या भाषांतरात या तिन्ही शब्दांसाठी अनेक ठिकाणी ‘हेल’ हा एकच शब्द वापरला गेला, आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांचे भय त्या एका शब्दावर पोसले गेले. आपल्या मराठी बायबलने शिओल आणि हेडीससाठी ‘अधोलोक’ आणि गेहेन्नासाठी ‘नरक’ असा भेद ठेवला, ही माझ्या मते लहान गोष्ट नाही. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मरण आणि अधोलोक ही दोन्ही अग्नीच्या सरोवरात टाकली जातात असे वर्णन आहे. अधोलोक म्हणजेच नरक असे धरले, तर नरकालाच नरकात टाकल्यासारखे होते आणि वाक्याचा अर्थ लागत नाही.

गेहेन्ना हे मुळात एका जागेचे नाव आहे. यरुशलेमच्या जुन्या शहराच्या नैर्ऋत्येला आणि दक्षिणेला एक खोरे आहे, त्याचे नाव हिन्नोमचे खोरे. तेथे तोफेत नावाच्या ठिकाणी मोलख दैवतासाठी लोक आपली मुले अग्नीत होम करीत, म्हणून योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, असे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात सांगितले आहे. येशूच्या काळी तेथे शहराचा कचरा रात्रंदिवस जळत असे, हे आपण अनेक प्रवचनांत ऐकतो. पण या कथेचा जुना आधार म्हणजे मध्ययुगातील डेव्हिड किमही या ज्यू भाष्यकाराची टीप, आणि ती येशूनंतर हजारांहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. उत्खननातून तसा पुरावा मिळालेला नाही. आज त्या खोऱ्यात हिरवळ आहे, आणि सुलतानाचा तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात गाण्यांचे जाहीर कार्यक्रम होतात.

या खोऱ्याविषयी यिर्मया संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात एक वचन आहे, त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. मुलांना आगीत टाकण्याविषयी देव तेथे म्हणतो की, मी असे काही सांगितले नव्हते, माझ्या मनातही ते आले नव्हते. ज्या जागेतील आग आपल्या मनात कधी आली नाही असे देव म्हणतो, त्याच जागेचे नाव पुढे देवाने पेटवलेल्या आगीला पडले. नरकाच्या चर्चेत मला हा विरोधाभास सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि कोणत्याही पक्षाने तो पुरता सोडवला आहे असे मला वाटत नाही.

नव्या करारात गेहेन्ना हा शब्द बारा वेळा येतो. त्यांपैकी अकरा वेळा तो येशूच्या तोंडी आहे आणि एकदा याकोबाच्या पत्रात, तोही जिभेविषयी बोलताना. आरंभीच्या चर्चचा मोठा प्रचारक पौल, त्याने तो आपल्या पत्रांत एकदाही वापरलेला नाही. आणखी एक गोष्ट अशी, की येशू हा शब्द बहुधा आपल्या शिष्यांना किंवा शास्त्री-परूशी या धर्मनिष्ठ मंडळींना उद्देशून वापरतो. जकातदारांना, वेश्यांना किंवा परक्या लोकांना तो त्याची धमकी देत नाही. परधर्मीयांना नरकाची भीती घालणाऱ्या प्रचारकांनी हा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा होता.

आता न्यायाविषयी. न्यायाचा दिवस म्हटले की आपण नकळत आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहतो. स्तोत्रसंहितेचा कवी मात्र फिर्यादीच्या जागेवरून बोलतो. शहाण्णवाव्या स्तोत्रात देव पृथ्वीचा न्याय करायला येत आहे म्हणून शेत उल्हासते आणि वनातील झाडे आनंदाने गातात. ज्याची जमीन सावकाराने गिळली आहे, ज्याच्या वडिलांच्या खटल्याची तारीख अजून लागतेच आहे, त्या माणसाला न्यायाधीश येतो आहे ही बातमी भीतीची वाटत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाच्या दारात हट्टाने पुन्हा पुन्हा जाते, ती शिक्षेच्या भयाने नव्हे. ख्रिस्ती परंपरेत न्याय आधी येतो आणि नरकाचा प्रश्न त्याच्या मागून येतो. हा क्रम उलटला की देव पोलीस ठाण्यातील अंमलदारासारखा दिसू लागतो.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दृश्यात मेंढरे आणि शेरडे वेगळी केली जातात, तेव्हा कोणाची श्रद्धा काय होती हे विचारले जात नाही. भुकेल्याला खायला दिले का, उघड्याला वस्त्र दिले का, तुरुंगात असलेल्याला भेटायला गेलात का, एवढेच विचारले जाते. त्या प्रसंगाचा शेवट ‘सार्वकालिक शिक्षा’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ या शब्दांनी होतो, आणि सोळाशे वर्षांहून अधिक काळ चाललेला मोठा वाद याच वाक्याभोवती फिरत आला आहे. मूळ ग्रीक विशेषण ‘आयोनिओस’ हे ‘युग’ या अर्थाच्या शब्दापासून आलेले आहे. पाचव्या शतकातील पाश्चात्त्य धर्मचिंतक संत ऑगस्टीनचा युक्तिवाद सरळ होता : एकाच वाक्यात एकच विशेषण दोनदा आले आहे, जीवन अनंत असेल तर शिक्षाही अनंतच असली पाहिजे. पाश्चात्त्य चर्चने मुख्यतः हाच मार्ग धरला.

पूर्वेकडे सूर वेगळा होता. अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने तिसऱ्या शतकात असे मांडले की देवाची शिक्षा वैद्याच्या शस्त्रासारखी असते आणि अखेरीस सर्व सृष्टी देवाकडे परत येईल. त्याच्या नावावरच्या मतांचा पुढे ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या वेळी धिक्कार झाला. परंतु सर्वांच्या उद्धाराची आशा बाळगणारा चौथ्या शतकातील बिशप, नायसाचा ग्रेगरी, संतच राहिला, हे इतिहासाचे एक गमतीदार कोडे आहे. सातव्या शतकातील निनवेचा इसहाक हा तर मूळचा आजच्या कतारच्या परिसरातला, आणि केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेशी ज्यांचे जुने नाते होते त्या पूर्व सीरियन चर्चचा बिशप. त्याच्या मते गेहेन्नात माणसाला जो चाबूक बसतो तो प्रेमाचा. ज्याच्यावर आपण अन्याय केला तो आपल्यावर अजूनही प्रेम करतो, हे कळण्याची वेदना. ज्याने कधी क्षमाशील आईचे मन दुखावले असेल, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरे मत असे, की दुष्टांना अनंत यातना मिळत नाहीत. ते शेवटी नाहीसे होतात. आत्मा आणि शरीर या दोहोंचा नाश करणाऱ्याचे भय धरा, हे मत्तयातील वचन या मताचा आधार आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची हीच शिकवण आहे. पुण्यातील स्पायसर विद्यापीठ याच पंथाचे. विसाव्या शतकात इंग्लंडमधील जॉन स्टॉट यांच्यासारख्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या, धर्मोपदेशकानेही १९८८ साली या मताकडे आपला कल असल्याचे संकोचत का होईना सांगितले.

अठराव्या शतकात ८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेतील एनफिल्ड येथे जोनाथन एडवर्ड्सने आगीवर कोळी किड्यासारख्या धरलेल्या पापी माणसाचे असे काही वर्णन केले, की श्रोत्यांच्या आक्रोशामुळे त्याला मध्येच थांबावे लागले. पुढे १८५३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजने फ्रेडरिक मॉरिस या प्राध्यापकाला काढून टाकले. ‘सार्वकालिक’ म्हणजे न संपणारा काळ असा अर्थ घ्यायला त्याने नकार दिला, हे त्याचे कारण. कॅथलिक चर्चने अनंत नरकाचा सिद्धान्त सोडलेला नाही, पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी २८ जुलै १९९९ रोजी स्पष्ट केले की नरक ही एखाद्या जागेपेक्षा देवापासून स्वतःला तोडून घेतलेल्या माणसाची अवस्था आहे. अमुक एक माणूस नरकात आहे, असे चर्चने आजवर कोणाविषयीही अधिकृतपणे जाहीर केलेले नाही. उलट मृतांच्या शुद्धीसाठी प्रार्थना करण्याची प्रथा आहे, आणि २ नोव्हेंबरला वसईच्या किंवा गोव्याच्या दफनभूमीत मेणबत्त्या लावणारी कुटुंबे आपल्या माणसांविषयी निकाल लागून गेला आहे असे मानून तेथे येत नाहीत.

शेवटी लूकच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत माणसाकडे वळतो. त्याच्या दाराशी लाजर नावाचा, अंगभर फोड आलेला भिकारी पडून असे. येशूच्या दाखल्यांत, म्हणजे बोधकथांत, नाव मिळालेला हा एकटाच माणूस, आणि श्रीमंताला तेथे नाव नाही. त्याने लाजराला मारले, लुबाडले किंवा हाकलले असे कोठेही म्हटलेले नाही. मेल्यानंतर अधोलोकातून तो ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याला हाक मारतो, आणि तेव्हा कळते की भिकाऱ्याचे नाव त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. पण तो लाजराशी बोलत नाही. क्षमा मागत नाही. त्याला पाठवा, बोट पाण्यात बुडवून माझी जीभ गार करायला, असे तो म्हणतो. ते होत नाही असे पाहून, मग त्याला माझ्या भावांकडे निरोप घेऊन पाठवा, असे म्हणतो. ज्वाळेत उभा राहूनही त्याच्या लेखी लाजर कामाला धाडायचा गडीच आहे. त्या दोघांमध्ये मोठी दरी आहे, असे अब्राहाम त्याला सांगतो. ती कोणी खणली, हे दाखल्यात सांगितलेले नाही. श्रीमंताच्या हयातीत तिची रुंदी एका फाटकाएवढी होती.

नमस्कार.