गोरोंगोसा: डोंगराच्या पाण्यावरचं रान

मोझांबिकच्या मध्यभागी एकटाच उभा असलेला हा गोरोंगोसा डोंगर. उंची १,८६३ मीटर. हिंदी महासागरावरून आलेले बाष्पाचे वारे इथे अडतात आणि माथ्यावरच्या जंगलात धो धो कोसळतात. ते पाणी पालापाचोळ्याखाली मुरतं, मुळांशी थांबतं, पाऊस सरल्यावरही झिरपत राहतं. ही पाहा व्हुंदुझी नदी. उन्हाळ्यातही ती वाहते, ती या जंगलाच्या जोरावर.

नदी उतरते ती थेट खचदरीत, गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातल्या उरेमा सरोवराकडे. पावसाळ्यात सरोवर काठ सोडून मैदानभर पसरतं. तेव्हा कोरडी उरतात ती उंच वारुळं, माथ्यावर झाडझाडोरा घेऊन. मग पाणी ओसरू लागतं. मागे राहतो ओला गाळ, आणि त्यावर लुसलुशीत गवत. पिवळ्या सालीच्या बाभळींपासून पाण्यापर्यंत हे जे कळप दिसतायत, ते वॉटरबक. पाठीमागे पांढरं वर्तुळ असलेलं हे हरीण इथे ५०,०००च्या वर गेलं आहे. काठावर मगरी, पाण्यात पाणघोडे, आणि चिखलात करकोचे.

१९७७ ते १९९२ या यादवी युद्धात इथले ९० टक्क्यांहून जास्त मोठे प्राणी मारले गेले. या हत्तिणीला सुळे नाहीत, नीट पाहा. सुळ्यांसाठी हत्ती मारले जात होते, तेव्हा बिनसुळ्यांच्या माद्या वाचल्या आणि तो गुण लेकींत उतरला. २०१८ मध्ये रानकुत्रे परत आणले गेले. तेही आता इथे रुळलेत.

पण प्राणी आणून सोडले म्हणजे उद्यान उभं राहिलं, असं नाही. सगळ्यांचं पाणी वरून येतं, आणि वरचं जंगल मक्याच्या शेतीसाठी तुटत, जळत आलं आहे. २०१० मध्ये उद्यानाची हद्द डोंगरावर नेली. हद्दीची रेघ पोट भरत नाही. म्हणून या उतारांवर आता कॉफी लावतायत. कॉफीला सावली लागते, त्यामुळे रोपांबरोबर देशी झाडंही लावावी लागतात. खड्डे खणणारे हे हात डोंगरावरच्याच शेतकऱ्यांचे आहेत.

कॉफीला पहिलं पीक धरायला साधारण तीन वर्षं लागतात. तेवढी कळ या कुटुंबांनी काढायची, तर गोरोंगोसासाठी येणारा पैसा सिंहांइतकाच या उतारांवरही खर्च झाला पाहिजे.