कुलर बंद, माशी चालू

(पडदा काळा. कुलरची घरघर. खट्. शांतता.)

मे महिना, नागपूर, दुपारचे तीन, पारा 45 च्या आसपास आणि या माणसानं कुलर बंद करून टाकलाय. आतून आत्या ओरडून राहिली, "काहून बंद केला रे?" पण दादाचा नाइलाज आहे, कुलर चालू असला की टेबलावरची पिसं उडून थेट देवघरात जातात.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तो माशी बांधतो. खोटी माशी, मासा फसवून गळाला लावायला, ड्राय फ्लाय म्हणतात तिला, पाण्यावर तरंगणारी. आणि मासा कोणता, तर ट्राऊट! ज्याला थंड वाहतं पाणी लागतं, पाणी 20 डिग्रीच्या वर गेलं की जीव घाबरा होतो, म्हणजे आपल्या अंबाझरी तलावात विषयच संपला.

(हुक जवळून.)

हा 18 नंबरचा हुक. नंबर वाढला की हुक लहान, उलटं गणित. मागे शेपटीला दोन-चार कडक केस, मग दोऱ्याला मेण लावून त्यावर पिळलेली लोकर, तेच अंग, आणि शेवटी कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गोल गुंडाळायचं म्हणजे त्याचे तंतू उभे राहतात, माशीचे पाय समजा, त्यांच्यावरच ती तरंगते. पीस गावरानी कोंबड्याचंच पाहिजे हं. ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांत कापतात, तेवढ्यात मानेला कडक पीस येतच नाही. चिकनवाल्याकडे नुसती मान मागायला गेला तेव्हा त्याला वाटलं हा भाऊ काही जादूटोणा करून राहिला.

बांधून झालं की काचेच्या बाऊलमध्ये पाणी, त्यावर माशी, आणि दादा टेबलाखाली आडवा. कारण मासा खालून बघतो. आपल्याला वरून दिसणारी सुंदर माशी त्याला दिसतच नाही, त्याला दिसतात पाण्याला पडलेले बारीक खळगे आणि मधे काळी सावली.

आता नखरे ऐका. मेफ्लाय नावाचा किडा पाण्याखाली महिनोन्महिने राहतो, पंख फुटले की जेमतेम एक-दोन दिवस, खायला धड तोंडही नसतं बिचाऱ्याला. असे हजारो एकदम वर येतात तेव्हा ट्राऊट फक्त तेच खातो, तोच साईज, तीच अवस्था. पंगतीत जिलेबी आली की भाताकडे कोण बघतं!

(नदी. संध्याकाळ.)

ही तीर्थन, हिमाचल. ट्राऊट मूळचा इथला नाही, 1900 च्या सुमारास इंग्रजांनी जहाजातून अंडी आणून आधी काश्मिरात वाढवला, मग इकडे. आम्ही त्यानंतरच्या एप्रिलात आलो, नागपूरहून रेल्वेनं दिल्ली, तिथून रात्रीची बस, पहाटे औटला उतरलो, मग बंजार, गुशैणी, आणि परवाना काढून पाण्यात.

समोर मासे खायला वर येऊन राहिलेत आणि दादाच्या माशीकडे ढुंकूनही बघत नाहीत. आधी वाटलं दोरी ओढतेय, माशी प्रवाहाच्या चालीनं गेली नाही, जरा जरी घासत गेली, तरी मासा समजून जातो. म्हणून वर जाऊन सैल दोरी टाकली. तरी नाही. एक तर अगदी नाकाशी आला, बघितलं, आणि परत खाली, मला तर अपमान वाटला.

मग दादा गप्प बसून नुसता बघत राहिला, दहा मिनिटं असेल. माशांचं तोंड वर येतच नव्हतं, फक्त पाठ दिसायची. म्हणजे ते वरची माशी खातच नव्हते, पृष्ठभागाला चिकटलेली, अर्धवट कात टाकलेली खात होते. आणि आपली माशी पायांवर ऐटीत उभी!

खिशातून कैची काढली, मिशी छाटायची. खालचे सगळे पाय साफ. ज्या पिसासाठी मे महिन्यात कुलर बंद केला होता तेच. माशी पोटावर आडवी पडली, पाण्यात अर्धी बुडाली.

(पाण्यात हलकीशी गोल लाट.)

वीतभर ब्राऊन ट्राऊट, लाल ठिपक्यांचा. दादानं हात ओले केले, हुक काढला, सोडून दिला.

"आत्याला सांगू नको," तो म्हणाला, "पाय कापले म्हणून."