ऑनलाइन जुना दरवाजा घेताय? खालची कड बघा!

नमस्कार मंडळी! फोंड्याहून बोलतोय. गाडीचा दरवाजा चेपला की आपण मोबाईलवर जुना शोधतो. शोधा, जरूर शोधा! कंपनीचा मूळ पत्रा स्वस्तातल्या डुप्लिकेट नव्या पत्र्यापेक्षा मला कधीही बरा वाटतो, फटी जुळतात. पण विकणारा फोटो टाकतो तो बाहेरून, धुऊन-पुसून. आणि आपल्या गोव्यात दरवाजा कुजतो आतून.

दरवाजाच्या तळाला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. तिथेच पाणी जायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाळाभर पाणी आतच साचतं, वर वास्को-कळंगुटकडची खारी हवा. रंग झकास दिसतो, आणि खाली बोट दाबलं तर पत्रा पापडासारखा मोडतो. म्हणून दरवाजा उलटा ठेवून, भर उजेडात काढलेला त्या कडेचा फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या. खरंच सोडा, दुसरा मिळेल.

बघायला जाताना फ्रिजवर लावतो तसलं पातळ चुंबक खिशात ठेवा. पुट्टी (चेप-गंज बुजवायला रंगाखाली भरलेला लगदा) जाड असेल तिथे ते धरत नाही.

बॉनेट, पुढचं फेंडर, दरवाजे, डिकीचं झाकण हे नटबोल्टवर बसतं, बिनधास्त घ्या. पण मागचं क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा), पिलर (छत पेलणारे खांब), छत हे वेल्डिंगचं काम. जुनं म्हणजे दुसऱ्या गाडीतून कटरने कापलेलं. टक्कर झाली की पिलरच आतल्या माणसाला वाचवतात. ते नकोच. जुनी एअरबॅग तर फुकट दिली तरी नको!

आता विकणाऱ्यांनो, नुसतं ‘स्विफ्टचा दरवाजा’ लिहू नका. स्विफ्ट २०११ मध्ये बदलली, २०१८ मध्ये पुन्हा. साल लिहा, डावा की उजवा ते लिहा, काच-मोटरसकट की रिकामा तेही. गंज असेल तिथला फोटो आधी टाका; काणकोणचा माणूस पेडण्यापर्यंत उगाच का यावा?

माल कुठल्या गाडीचा, हे लिहिलेली सहीची पावती घ्याच. चोरीचा असल्याची शंका यायला कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही लागत नाही. ‘पैसे पाठवतो, स्कॅन करा’ म्हणाला की फोन ठेवा. पैसे गेलेच, तर सकाळची वाट न बघता १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.