एकवीस आंघोळी

मघाशी प्रास्ताविकात माझा उल्लेख 'अमेरिकेचे अभ्यासक' असा झाला. तेवढी दुरुस्ती करतो. लेकीच्या बाळंतपणाला बायको गेली होती, मी बॅगा उचलायला गेलो होतो. जावई डेट्रॉइटजवळ नोकरीला. दुपारी घरात बाळ झोपलं की आवाज करायची बंदी, म्हणून मी बाहेर पडायचो. तसा एकदा माउंट क्लेमेन्सला पोहोचलो. डेट्रॉइटपासून तीसेक किलोमीटर, क्लिंटन नदीच्या काठी. नावात 'माउंट', पण डोंगर औषधालाही नाही. आपली पर्वती तिथे नेऊन ठेवली तर हिमालय ठरेल.

औषध मात्र होतं, आणि ते जमिनीखाली होतं. १८६०च्या दशकात तिथे तेला-मिठाच्या आशेने खोल विहीर खणली. लागलं खारं पाणी. चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी त्या भागावर समुद्र होता, त्याचा क्षार खडकांत अडकून राहिलेला. पण त्यात नुसतं मीठ नव्हतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही भरपूर. असलं मीठ कडवट लागतं, ओल धरतं, विकलं जात नाही. धंदा बसला. पुढे एका गिरणीवाल्याची खरूज त्या पाण्याने गेली, असं गावात सांगतात. खरं-खोटं त्याच्या कातडीला माहीत. पण १८७३ साली पहिलं स्नानगृह उभं राहिलं. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला, एवढं ध्यानात ठेवलं की काळ डोळ्यांपुढे येतो.

पाणी काळपट, आणि वास कुजक्या अंड्यांचा. वासावरून आठवलं. मी सात-आठ वर्षांचा असताना आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही वज्रेश्वरीला गेलो होतो. अकलोलीच्या कुंडात ती पाय सोडून बसली, आणि वर आली तेव्हा पायांतली चांदीची जोडवी काळी ठिक्कर! ती रडवेली झाली. काहीतरी अशुभ घडलं असं तिला वाटलं. घरी आल्यावर आजीने रांगोळीने घासून घासून ती पांढरी केली. हा सगळा गंधकाचा खेळ. चांदीला गंधकयुक्त वायू लागला की वर काळा थर चढतो. माउंट क्लेमेन्समध्येही तेच पाणी, तोच वायू, म्हणजे तिथल्या बायकांच्या दागिन्यांचंही हेच होत असणार.

फरक एकच, पण मोठा. वज्रेश्वरीचं पाणी वर येतं तेच चटका देत. माउंट क्लेमेन्सचं पाणी थंड! ते पंपाने उपसायचं, वाफेने तापवायचं, मग टबात सोडायचं. म्हणजे पंप आला, बॉयलर आला, कोळसा आला, अंग रगडणारा माणूस आला, आणि शेवटी बिल आलं. एका वेळच्या आंघोळीने भागत नसे. एकवीस आंघोळींचा कोर्स, रोज एक. तीन आठवडे राहायचं तर हॉटेलं हवीत, संध्याकाळी करमणूक हवी. गाव त्यावर फुगलं. बेब रूथसारखा बेसबॉलपटूही तिथे येऊन गेला.

गावाच्या जुन्या स्टेशनात आता संग्रहालय आहे. आंघोळींच्याही आधी, १८६२ मध्ये, तिथे रेल्वेत पेपर विकणाऱ्या एका मुलाने स्टेशनमास्तरचं पोर गाडीखाली येता येता उचललं. मोबदल्यात मास्तरने त्याला तारयंत्र शिकवलं. तो मुलगा एडिसन.

मग आंघोळींचा हा सगळा धंदा संपला कसा? १९३०च्या मंदीत लोकांचे खिसे रिकामे झाले, हे एक. पण खरा घाव औषधांनी घातला. तिथे येणारे बहुतेक संधिवाताचे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयात डॉक्टर हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे सूज उतरवणारं औषध दिलं; १९५० मध्ये नोबेलही मिळालं. गोळी-इंजेक्शन हाताशी असताना तीन आठवडे अंड्यांच्या वासात कोण बसेल? १९७४ मध्ये शेवटचं स्नानगृह बंद झालं.

वज्रेश्वरी मात्र चालू राहिली. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला, १७३९ मध्ये वसई पडली आणि देऊळ उभं राहिलं. तिथे येणारा माणूस गुडघ्यासाठी आला तरी आधी पायऱ्या चढतो. गुडघा बरा नाही झाला, तरी दर्शन झालेलं असतं. पाणी तापवायला कोळसा लागत नाही, म्हणून गर्दी ओसरली तरी कुंड बंद करायचं कुणाला कारण नाही. माउंट क्लेमेन्सच्या पाण्याला देवी नव्हती, मालक होता. मालकाला हिशेब लागतो.

पहिल्या रांगेतून विचारताहेत, "बरं वाटायचं का हो पण?" न वाटायला काय झालं! तीन आठवडे ऑफिस नाही, रोज गरम पाण्यात बुडून राहायचं, वर कुणीतरी अंग रगडतंय. सांध्यांना शेक मिळाला की ठणका कमी होतोच, गंधक असो-नसो. आमच्या आईलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं. जोडवी बघेपर्यंत.